परवडणारे घर, पण कोणाला? : सांगलीसारख्या महापालिकेसाठी व्याख्येपासून वाटपापर्यंतचा मार्गदर्शक

महापालिकेच्या सभेत परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की प्रथम जागेची चर्चा होते, मग भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकाची, मग ठेकेदाराची, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याच्या खिशाची चर्चा झालीच तर सर्वांत शेवटी, सभागृहातली अर्धी मंडळी उठून गेल्यावर होते. मराठीत ‘परवडणे’ या क्रियापदाला ‘कोणाला?’ असे विचारल्याशिवाय अर्थच येत नाही. ‘मला परवडते’, ‘त्याला परवडत नाही’ असे आपण रोज बोलतो, मात्र सरकारी कागदावर तेच क्रियापद विशेषण होऊन बसले की ‘कोणाला’ हा भाग गळून पडतो. खालील पायऱ्या सांगली, मिरज आणि कुपवाड ही शहरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. नगरसेवक, प्रभाग समितीचे सदस्य, नगररचना विभागातील कर्मचारी किंवा वस्तीसाठी धडपडणारे एखादे मंडळ, यांपैकी कोणालाही त्या वापरता येतील.

पायरी पहिली : आधीच्या व्याख्या एका कागदावर मांडा

आपली व्याख्या करण्याआधी आपल्याला लागू असणाऱ्या इतरांच्या व्याख्या शेजारी शेजारी लिहून काढाव्यात, म्हणजे त्यांच्यातील विसंगती आपोआप दिसते. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने, १ एप्रिल २०१९ पासून, महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किंमत असलेले घर ‘परवडणारे’ ठरते आणि बांधकाम सुरू असताना विकल्या जाणाऱ्या अशा घरावर पाचऐवजी एक टक्का कर बसतो. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ६ लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटातील आणि ९ लाखांपर्यंतचे मध्यम उत्पन्न गटातील मानले जाते. याच योजनेतील व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत चालते. म्हाडाच्या सोडतीतील उत्पन्न मर्यादा आणखी निराळ्या असतात. केंद्र सरकारने नेमलेल्या, दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने २००८ मध्ये वेगळी वाट धरली होती : दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीपेक्षा आणि मासिक हप्ता किंवा भाडे मासिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे.

अमेरिकेत शहरांच्या निर्वाचित मंडळांना, ज्यांना अनेक ठिकाणी ‘सिटी कमिशन’ म्हणतात, हे काम थोडे सोपे जाते. तिथले केंद्रीय गृहनिर्माण खाते प्रत्येक भागाचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न (म्हणजे ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात तो आकडा) दरवर्षी जाहीर करते, आणि त्या आकड्याच्या ८०, ५० आणि ३० टक्क्यांवर अल्प, अत्यल्प आणि अतिअत्यल्प उत्पन्नाच्या पट्ट्या आखल्या जातात, त्याही कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे बदलणाऱ्या. आपल्याकडे असा स्थानिक आकडा तयार मिळत नाही. परंतु त्यातून घेण्याजोगी गोष्ट अशी की मोजपट्टी त्या त्या गावाच्या कमाईला लावली जाते. तीन लाखांची रेषा ठाण्यातही तीच आणि कुपवाडमध्येही तीच असेल, तर ती अनुदान वाटण्यास सोयीची ठरते, शहराचे नियोजन करण्यास मात्र नाही.

पायरी दुसरी : व्याख्या उत्पन्नापासून सुरू करा, किमतीपासून नव्हे

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. नवरा मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतो, बायको विश्रामबागेत चार घरची धुणीभांडी करते, आणि दोघांचे मिळून महिन्याला २०,००० रुपये येतात. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. चौपटीच्या नियमाने या कुटुंबाला ९ लाख ६० हजारांचे घर परवडायला हवे. प्रत्यक्षात तसे होते का, हे पाहण्यासाठी हिशेब उलट बाजूने करावा.

उत्पन्नाच्या ३० टक्के म्हणजे ६,००० रुपये. राष्ट्रीयीकृत बँकेने साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज दिले तर दर लाखाला सुमारे ८७० रुपये हप्ता बसतो, म्हणजे जवळपास ६ लाख ९० हजार कर्ज मिळू शकते. परंतु हमालीची पावती दाखवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज सहसा मिळत नाही. हे कुटुंब शेवटी एखाद्या गृहवित्त कंपनीकडे जाते आणि समजा तिथे बारा टक्क्यांनी पंधरा वर्षांचे कर्ज पदरात पडते, तेव्हा दर लाखाचा हप्ता १,२०० रुपये होतो आणि कर्जाची ताकद पाच लाखांवर येते. अद्याप घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटीचा देखभाल खर्च धरलेला नाही. त्यासाठी महिना १,२०० रुपये बाजूला काढले तर हप्त्यासाठी ४,८०० उरतात, आणि कर्ज ४ लाखांचे. त्यात आवास योजनेतील केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान आणि गाठीचे एक लाख मिळवले की आकडा येतो साडेसात लाख.

या साडेसात लाखांशेजारी कराच्या व्याख्येतील ४५ लाख ठेवून पाहावेत, बरोबर सहापट. ते ४५ लाखांचे घर दहा टक्के रोख भरून साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर घ्यायचे तर हप्ता ३५ हजारांच्या वर जातो, आणि ३० टक्क्यांचा नियम पाळायचा तर कुटुंबाची कमाई महिन्याला १ लाख १७ हजारांच्या आसपास हवी. जाहिरातीत दोन्ही घरांना एकच विशेषण लागते.

म्हणून महापालिकेच्या ठरावात व्याख्या लिहिताना ती तपासता येईल अशा पूर्ण वाक्यात लिहावी. मसुदा साधारण असा असावा : ‘महानगरपालिका क्षेत्रातील ज्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न अमुक मर्यादेत आहे, त्या कुटुंबाला कर्जाचा हप्ता किंवा भाडे, कर, पाणी, देखभाल आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च मिळून उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक भार पडणार नाही, आणि जे निळ्या पूररेषेबाहेर आहे, असे किमान ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे मालकीचे किंवा भाड्याचे घर.’ (निळी पूररेषा म्हणजे काय ते चौथ्या पायरीत येते.) ४० हा आकडा माझा आहे. प्रवास आणि देखभाल आत घेतल्यामुळे तो ३० पेक्षा मोठा धरला आहे, आणि त्यावर सभागृहात जरूर वाद व्हावा. उत्पन्नाच्या पट्ट्या मात्र एकापेक्षा अधिक ठेवाव्यात. एकच पट्टी ठेवली तर सगळी घरे तिच्या वरच्या कडेला बांधली जातात आणि महिना दहा-बारा हजारांवर जगणाऱ्याचे नाव कागदावर ‘पात्र’ म्हणून राहते, घरात जात नाही.

पायरी तिसरी : गरज मोजा, अर्ज मोजू नका

२०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५,०२,७९३ होती. तिच्यावर विसंबून घरांची गरज काढणे म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरून नातवंडांची संख्या सांगण्यासारखे आहे. योजनेसाठी आलेल्या अर्जांवरूनही गरज कळत नाही, कारण अर्ज तोच करतो ज्याच्याकडे कागद आहेत. सर्वेक्षण प्रभागनिहाय आणि दारोदार जाऊनच करावे लागते, आणि त्यात किमान हे प्रश्न असावेत : घरात माणसे किती आणि खोल्या किती; कमावते किती आणि कमाई रोजाची की महिन्याची; घर कोणाच्या नावावर आणि कोणत्या कागदाने; भाडे आणि डिपॉझिट किती; कामाची जागा किती लांब; आणि २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते.

शेवटचा प्रश्न विचारायला पेन लागत नाही. गावभागातील कितीतरी भिंतींवर ती खूण अजून दिसते, रंग दिल्यावरही खालच्या भागात पोपडे धरतात. शामरावनगरात वेगळेच दृश्य आहे. तिथे काळ्या मातीचा सखल भाग असल्यामुळे नदी न येताही पावसाचे पाणी आठवडेच्या आठवडे साचते, रस्त्यावर मुरमाचे थर पडत जातात, रस्ता वर चढतो आणि घर जागच्या जागी राहते. अशा घरात शिरताना दोन पायऱ्या उतराव्या लागतात, उंबऱ्याला लागून सिमेंटचा वीतभर बांध घातलेला असतो आणि जोत्याजवळच्या विटा हाताने कुसकरता येतात. हे घर पाहणीच्या तक्त्यात ‘पक्के’ या रकान्यात जाते, कारण वर स्लॅब आहे. तक्ता बनवणाऱ्याने ‘पक्के, पण राहण्यास अयोग्य’ असा रकाना वाढवावा, नाहीतर शहराची निम्मी अडचण मोजणीतून निसटेल.

दुसरा न दिसणारा गट गुंठेवारीचा. शेतजमिनीचे बिनशेती न करता, रेखांकन मंजूर न करून घेता गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, खरेदी अनेकदा मुद्रांकावर किंवा सामायिक सातबाऱ्यावर झाली, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फुटांत कष्टकऱ्यांनी घरे बांधली. परवडणारी घरे या शहरात कोणी बांधली असतील तर ती याच लोकांनी, स्वतःच्या पैशाने, महापालिकेच्या मदतीशिवाय आणि बहुतेक वेळा तिच्या परवानगीशिवाय. त्यामुळे गुंठेवारीतील कुटुंब ‘बेघर’ नाही आणि ‘अनुदानास पात्र’ही नाही, असे ते मध्येच लटकते.

तिसरा गट भाडेकरूंचा. मिरजेत रुग्णालयांमुळे परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि शिकाऊ मुलेमुली मोठ्या संख्येने आहेत, तर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जत-आटपाडीकडून आणि परप्रांतातून आलेले कामगार एका खोलीत पाच-सहा जण राहतात. यांना मालकीचे घर नकोच आहे. त्यांना स्वच्छ, जवळचे आणि डिपॉझिटखाली न चिरडणारे भाड्याचे घर हवे आहे. हा गट वगळून केलेला आराखडा अर्धा असतो.

पायरी चौथी : जागेची यादी करून तिला चार चाळण्या लावा

महापालिकेच्या मालकीच्या मोकळ्या जागा, विकास आराखड्यातील आरक्षणे, शासनाच्या पडीक जागा आणि म्हाडाच्या ताब्यातील जमीन यांची एकत्र यादी करावी. मग प्रत्येक जागेला पाणी, माती, कागद आणि काम या चार चाळण्या लावाव्यात.

पाण्याची चाळणी सर्वांत आधी, कारण इथे तडजोड नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५५ फुटांजवळ पोहोचले. पाणी चाळीस फूट गाठायच्या सुमारास सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर आणि काकानगर इथल्या लोकांची भांडी-अंथरुणे ट्रॅक्टरवर चढू लागतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा, अशी पाटबंधारे खात्याची विभागणी आहे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या ते लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. नियंत्रित क्षेत्रात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच घ्यावे लागते. हा नियम वाचायला सोपा आहे. पण जोते तेवढे उंच घेण्यासाठी लागणारा भराव आणि खांब यांचा खर्च साडेसात लाखांच्या घरात कुठून बसवायचा, हे प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर लिहिले पाहिजे. शिवाय भरावाने आपले घर वर येते आणि शेजारच्या वस्तीचे पाणी तुंबते, याची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. नियंत्रित क्षेत्रातील जागा दुर्बल गटाच्या घरांसाठी घेऊच नये, असे माझे मत आहे.

मातीची चाळणी लोक विसरतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हलका पाया असलेल्या भिंतीला तिरक्या भेगा पाडते. तिथे खोल पाया किंवा फुगीर टोकाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घ्यावे लागतात. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली जमीन पायातच महाग होऊन बसते, त्यामुळे जमिनीचा दर आणि पायाचा खर्च एकत्र करूनच दोन जागांची तुलना करावी.

कागदाच्या चाळणीत मालकी, ताबा, न्यायालयीन वाद आणि आरक्षणाचे वय पाहावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. घरांसाठी राखलेल्या जागा अशाच हातातून जातात. प्रत्येक आरक्षणाशेजारी ‘दहा वर्षे कधी पूर्ण होतात’ हा रकाना असलेली वही नगररचना विभागात असावी आणि ती दर तिमाहीला उघडावी.

राहिली कामाची चाळणी. मार्केट यार्डात पहाटे पोचायचे असलेल्या माणसाला शहराच्या टोकाला घर दिले तर दोघांचे येण्याजाण्याचे दीड-दोन हजार रुपये वर पडतात. आपल्या उदाहरणातील कुटुंबाच्या हप्त्याचा तो तिसरा हिस्सा झाला.

पायरी पाचवी : प्रत्येक पट्टीला योग्य साधन जोडा

ज्याच्याकडे स्वतःची, कागद स्पष्ट असलेली जागा आहे त्याला वैयक्तिक घरकुलाचे अनुदान हे सर्वांत स्वस्त आणि जलद साधन आहे. त्यातील एक खोच मात्र आधी ओळखावी. अनुदान जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांवर, जिओ-टॅग केलेले छायाचित्र चढवल्यावर येते. पहिले जोते कुटुंबाने आपल्या पैशाने घालायचे असते. त्यासाठी बचत गटाचे किंवा खासगी वित्त कंपनीचे चढ्या व्याजाचे कर्ज काढले जाते आणि पुढचा हप्ता महिनोन्महिने लांबला की अनुदानाचा मोठा भाग व्याजातच जातो. महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून एक छोटा फिरता निधी ठेवून जोत्यापुरती बिनव्याजी उचल द्यावी आणि ती पहिल्या हप्त्यातून कापून घ्यावी. यासाठी मोठी तरतूद लागत नाही, आणि हे साधन माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे.

गुंठेवारीसाठी साधन म्हणजे कागद. २००१ च्या गुंठेवारी कायद्यातील १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली आहे. प्रभागनिहाय शिबिरे घेऊन, मोजणी, शुल्काचे हप्ते आणि नियमितीकरणाचा दाखला एकाच ठिकाणी दिला, तर त्याच दाखल्यावर कर्ज आणि घरकुल या दोन्हींचे दार उघडते. निळ्या रेषेखालील प्लॉटधारकांना मात्र आशेला लावू नये. त्यांच्यासाठी पर्यायी घराची संख्या आराखड्यात वेगळी धरावी.

नव्या खासगी प्रकल्पांत दुर्बल गटासाठी वाटा राखण्याबाबत एक गैरसमज दिसतो. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के समावेशक घरांची जी तरतूद आहे, ती दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी आखलेली होती. पाच लाखांच्या सांगलीने ‘नियम आहेच’ असे गृहीत धरून चालू नये. इथे सक्ती नसल्याने जादा चटई क्षेत्र निर्देशांक किंवा अधिमूल्यातील (जादा बांधकामासाठी भरायच्या शुल्कातील) सवलत देऊन वाटाघाटी कराव्या लागतील, आणि तसा स्थानिक नियम हवा असल्यास शासनाकडे फेरबदलाचा प्रस्ताव पाठवावा लागेल.

भाड्याच्या घरांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतंत्र घटक आहे. कुपवाडमध्ये कारखान्यांच्या संघटनेला आणि मिरजेत रुग्णालयांना भागीदार करून घेतल्यास भाडेवसुलीची काळजी बरीच कमी होते.

पायरी सहावी : मंजुरीचा मार्ग

कृती आराखडा आधी सभागृहात, आणि सभागृह अस्तित्वात नसेल तेव्हा प्रशासकासमोर, ठरावाने मंजूर होतो. सविस्तर प्रकल्प अहवाल राज्याच्या सुकाणू यंत्रणेमार्फत राज्यस्तरीय आणि नंतर केंद्रीय समितीकडे जातो. जमिनीचा वापर बदलायचा असेल तर वर उल्लेखलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ चा फेरबदल लागतो, आणि नवा विकास आराखडा येत असेल तर कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकती-सूचना द्याव्या लागतात. हरकत लिहिताना ‘गरिबांसाठी घरे हवीत’ असे मोघम लिहू नये. गट क्रमांक, क्षेत्र, पूररेषेपासूनचे अंतर आणि प्रस्तावित घरांची संख्या लिहावी, सोबत नकाशाची प्रत जोडावी आणि आवक क्रमांक घ्यावा.

पायरी सातवी : वाटपानंतर

घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर असावे, सोडत जाहीर व्हावी आणि विक्रीबंदीचा काळ करारात असावा, हे आता सर्वमान्य आहे. त्याहून अवघड प्रश्न देखभालीचा. सात मजली इमारतीत लिफ्ट आणि पंपाचे बिल भरणे जड जाते, पहिल्या वर्षी वर्गणी थकते, दुसऱ्या वर्षी लिफ्ट बंद पडते आणि तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरील कुटुंब घर भाड्याने देऊन जुन्या वस्तीत परतते. म्हणून सांगलीत तळमजला मोकळा ठेवून त्यावर तीन मजले, एवढीच उंची ठेवावी आणि देखभालीचा राखीव निधी प्रकल्प खर्चातच धरावा.

दर एप्रिलमध्ये एक पानाचा तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात उत्पन्नाच्या प्रत्येक पट्टीसाठी बांधलेली घरे, प्रत्यक्ष राहात असलेली मूळ कुटुंबे, त्यांच्या उत्पन्नातून घरावर जाणारा हिस्सा, आणि निळ्या रेषेखालून बाहेर आलेल्या कुटुंबांची संख्या असावी. ‘प्रत्यक्ष राहात असलेली’ हा आकडा कार्यालयात बसून भरू नये. रविवारी सकाळी आठच्या सुमारास इमारतीत जाऊन दारे वाजवावीत, आणि वीजबिलावरील नाव वाटपाच्या यादीशी ताडून पाहावे.